'ऑन शेड्यूल' म्हणून बसले आणि जपानच्या टीमचा विश्वास गेला. आता नाही कसं म्हणायचं?

बोअरगेज
२२ जुलै, रात्री १०.४०

चाकणला एका ऑटो पार्ट्स कंपनीत क्वालिटीला आहे, नऊ वर्षं झाली. गेलं दीड वर्ष नागोयाजवळच्या एका कस्टमरचा प्रोजेक्ट माझ्याकडे आहे. दोन्ही कंपन्यांची नावं लिहीत नाही. तिकडचे जे इंजिनिअर माझ्याशी रोज बोलतात, त्यांना इथे नुसतं 'सान' (जपानीत नावापुढे आदराने लावतात ते, आपल्या 'जी'सारखं) म्हणते.

पार्ट दिसायला साधा आहे. अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग, मधे ४२ मिमीचा बोअर, म्हणजे गोल भोक. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, एच-७, शून्य ते अधिक २५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). भिंत पातळ आहे. जुन्या फिक्स्चरवर, म्हणजे मशिनवर पार्ट पकडून ठेवणाऱ्या साधनावर, क्लॅम्प आवळून बोअर मारला की मशिनवर गोल मिळायचा, क्लॅम्प सोडला की अंडाकृती व्हायचा. म्हणून नवीन फिक्स्चर भोसरीच्या एका टूलरूमला, म्हणजे अशी साधनं बनवणाऱ्या वर्कशॉपला, करायला दिलं. त्यावरची ३०० सॅम्पल्स २० जूनला विमानाने जायची होती.

९ जूनला सोमवारी टूलरूमचा फोन आला. क्लॅम्पची बोटं हार्डनिंगमध्ये, म्हणजे भट्टीत कडक करताना, वाकली, परत करावी लागणार, आठ-दहा दिवस जातील. दुसऱ्या दिवशी आमची मंगळवारची मीटिंग, आपले साडेदहा, त्यांचे दुपारचे दोन. मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "आत्तापासून कशाला घाबरवायचं? भोसरीच्या मागे लागू, होऊन जाईल." मीटिंगमध्ये मी सांगितलं, "ऑन शेड्यूल." ते शब्द माझ्या तोंडचे होते, साहेबांच्या नाही.

१७ तारखेच्या मीटिंगला सांगावंच लागलं. कोणी आवाज चढवला नाही. सान काहीच बोलेनात. इतका वेळ गेला की मला वाटलं लाइन तुटली, म्हणून मी दोनदा "हॅलो" म्हटलं. मग त्यांनी एकच विचारलं, की तुम्हाला हे कधी कळलं? मी खरं ते सांगितलं. ९ तारखेला.

सॅम्पल्स २ जुलैला गेली. ३०० च्या ३०० पास झाली. मला वाटलं, विषय संपला. पण तेव्हापासून सानच्या प्रत्येक मेलमध्ये त्यांचे साहेब आणि त्यांच्या वरचे साहेब सीसीमध्ये असतात. रोज संध्याकाळी पाचपर्यंत फिक्स्चर, गेज आणि ट्रे यांचे फोटो पाठवायचे, असा नियम आलाय. मी डिसेंबरमध्ये जपानी भाषेची परीक्षा, जेएलपीटीची एन-४, दिली होती. निकाल कळवला तेव्हा याच माणसाने सोप्या हिरागाना लिपीत, मला वाचता येईल असं अभिनंदन लिहून पाठवलं होतं. आता मेल "डिअर ऑल"ने सुरू होते.

दुसरा घोळ टॉलरन्सचा. मे महिन्यात आम्ही २५ ऐवजी ३५ मायक्रॉन मागितले. सान म्हणाले, "केन्तो शिमास," म्हणजे विचार करू. मी मिनिट्समध्ये (मीटिंगच्या नोंदीत) "तत्त्वतः मान्य" लिहिलं. त्यांनी खोडलं नाही. जुलैच्या शीटवर परत २५. आमचे साहेब म्हणतात, हे लोक शब्द फिरवतात.

आणि आज मेल आली, की तिघं जण २७ ते २९ ऑगस्ट लाइन बघायला येणार. २७ ला गणपती बसतात. कारखाना बंद. पुढे गौरीविसर्जनापर्यंत लाइनवरची निम्म्याहून जास्त मुलं गावी असतात. साहेब म्हणतात, "येऊ दे, पोरांना दोन दिवस थांबवू." पोरं थांबणार नाहीत, आणि त्यांना थांबवावं असं मलाही वाटत नाही. पण एकदा विश्वास घालवलेल्या माणसाने आता 'येऊ नका' कोणत्या तोंडाने लिहायचं? अनुभवी लोकांनी प्लीज सांगा. झोप लागत नाहीये.


दुभाषी_ताई
२३ जुलै, सकाळी ७.१५

बोअरगेज, तुझी पोस्ट दोनदा वाचली. मी पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकले आणि २६ वर्षं पुणे परिसरातल्या कारखान्यांत दुभाषाचं काम करते. अशा मीटिंगमध्ये मी किती वेळा बसले असेन, मोजदाद नाही.

आधी केन्तो शिमास. शब्दशः 'विचार करू' हे बरोबर आहे. पण तारीख न देता, कोण ठरवणार हे न सांगता म्हटलेलं केन्तो शिमास बहुतेक वेळा नकाराकडे झुकलेलं असतं. 'चोत्तो मुझुकाशी', म्हणजे 'जरा अवघड आहे', हा तर सरळ नकारच समज. तू मिनिट्समध्ये 'मान्य' लिहिलंस तेव्हा त्यांनी खोडलं नाही, कारण ती मिनिट्स तुझ्या साहेबांनाही गेली होती. सगळ्यांसमोर तुला खोटं पाडायचं त्यांच्या जिवावर आलं असेल.

आणि मीटिंगभर येणारं 'हाय, हाय' म्हणजे होकार नव्हे. तुमचं ऐकू येतंय, पुढे बोला, एवढाच त्याचा अर्थ. त्याला आइझुची म्हणतात. मूळ लोहाराच्या भात्यापाशी आहे. दोघं लोहार एकाच लोखंडावर आळीपाळीने घण घालतात, त्यातला दुसऱ्याचा घाव. आपल्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला 'हं, हं' करून हुंकार देतात, तेच. पण इंग्रजी मीटिंगमध्ये तो 'यस' होऊन बाहेर पडतो आणि सगळी गडबड होते.

मला गंमत नाही, हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. मराठी आणि जपानी वाक्याची घडण फार जवळची आहे. आपण 'करून बघतो' म्हणतो, ते 'यात्ते मिमास' म्हणतात, त्यातलं 'मिरु' म्हणजे बघणेच. दोन्हीकडे क्रियापद शेवटी. दोन्हीकडे नकार सुरातून कळतो. तुमच्या टूलरूमवाल्याने 'बघतो साहेब' म्हटलं तर तुला फोनवरच कळतं, की हे काही जमत नाही. सानच्या 'केन्तो'मधलं तसंच त्यांच्या माणसांना कळतं. दोघंही इंग्रजीत आलात की सूर जातो आणि नुसता शब्द उरतो.

एक काम कर. १७ जूननंतर तू जी खुलाशाची मेल पाठवलीस, ती इथे टाक. नावं काढून.


बोअरगेज
२३ जुलै, रात्री ९.०५

ताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. मेल इंग्रजीत होती, मराठीत लिहिते:

"फिक्स्चरचे क्लॅम्प हार्डनिंगमध्ये वाकल्यामुळे पुरवठादाराकडून उशीर झाला. आम्ही सातत्याने पाठपुरावा करत होतो. पुरवठादाराने लवकरात लवकर देण्याचे आश्वासन दिले होते, त्यामुळे वेळापत्रक पाळता येईल अशी अपेक्षा होती. गैरसोयीबद्दल क्षमस्व. सॅम्पल्स लवकरात लवकर पाठवू."


दुभाषी_ताई
२३ जुलै, रात्री ११.३०

वाटलंच होतं. मेलमध्ये तीन वाक्यं पुरवठादाराची आणि अपेक्षांची, मग क्षमा, आणि तारीख कुठेच नाही. आपल्याला वाटतं, कारण सांगितलं म्हणजे प्रामाणिकपणे वागलो. तिकडे माफीच्या आधी आलेल्या कारणाला ईवाके म्हणतात, सबब. आणि 'लवकरात लवकर' हा शब्द आजपासून टाकून दे. त्यात आकडा नाही.

मी अशी लिहिली असती:

"सॅम्पल्स २० जूनला जाणार नाहीत. २ जुलैला जातील. याबद्दल मनापासून माफी मागते. उशीर होणार हे मला ९ जूनला कळले होते. १० जूनच्या मीटिंगमध्ये मी ते सांगितले नाही, ही माझी चूक. क्लॅम्पची तीन बोटे हार्डनिंगमध्ये वाकली. नवीन बोटे २६ ला तयार, २८ ला फिक्स्चर मशिनवर, ३० ला सीएमएम (मापन यंत्राचा) रिपोर्ट. यातली कोणतीही तारीख चुकणार असे दिसले तर त्याच दिवशी फोन करेन."

कारण यातही आहे, फक्त त्याची जागा बदलली. तारखा आणि बोटांची संख्या मी मनाने घातली आहे, तुला कल्पना यावी म्हणून.

त्यांच्याकडे नोकरीला लागल्या लागल्या होरेन्सो शिकवतात. होकोकु म्हणजे अहवाल, रेनराकु म्हणजे कळवणं, सोदान म्हणजे सल्ला विचारणं. तिन्हींची पहिली अक्षरं जोडली की पालकाच्या भाजीचं जपानी नाव होतं, म्हणून लक्षात राहतं. वाईट बातमी जेवढी कच्ची असताना सांगाल तेवढी चांगली, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे बातमी पक्की झाल्याशिवाय साहेबांकडे जायचं नाही, अशी सवय लागलेली असते. उगाच घाबरवलं असं होऊ नये म्हणून. त्यात वाईट हेतू नसतो, हे मी जपानी लोकांनाही सांगत आले आहे.


नागोयाकर
२४ जुलै, दुपारी १२.५०

मी मूळचा सांगलीचा, ११ वर्षं इकडे आहे, प्रॉडक्शन इंजिनिअरिंगला. कंपनी तुमच्या कस्टमरची नव्हे, पण अशाच प्रकारची. १७ जूननंतर सानच्या बाजूला काय झालं असेल ते सांगतो, कारण तुम्हाला ते दिसलेलं नाही.

तुमची २० तारीख आल्यावर त्यांनी ट्रायल लाइनचा वेळ मागून ठेवला असणार. मापन कक्षात नंबर लावला असणार. त्यासाठी ते मीटिंगच्या आधी एकेकाच्या टेबलापाशी जाऊन बोलले असणार. याला इथे नेमावाशी म्हणतात. झाड दुसरीकडे लावायचं असेल तर उपटण्याच्या कितीतरी आधी मुळांभोवती खणून घेतात, म्हणजे बारीक मुळं फुटतात आणि हलवल्यावर झाड मरत नाही. हा शब्द तिथून आलाय. १७ ला त्यांना त्याच टेबलांपाशी परत जाऊन मान खाली घालावी लागली. ९ ला कळलं असतं तर ट्रायलची अदलाबदल करून मोकळे झाले असते. आठ दिवस त्यांचे गेले, तुमचे नव्हे. ते रागावले असतील असं मला वाटत नाही. त्यांची अडचण अशी, की तुमची पुढची तारीख घेऊन ते कुणाच्या टेबलापाशी जाऊ शकत नाहीत. सीसी आणि फोटो हे त्यासाठी आहेत.

फोटो आपोआप बंद होणार नाहीत. बंद करा, असं तुम्हालाच मागावं लागेल. तीन आठवडे एकही दिवस न चुकता पाठवा. मग मीटिंगमध्ये नाही, आदल्या दिवशी सानला एकट्याला फोन करून विचारा, की रोजऐवजी दर मंगळवारी एकत्र रिपोर्ट चालेल का. त्यांना वरच्यांशी बोलायला वेळ द्या.

टॉलरन्सचंही तसंच. 'द्या ना' म्हणून मिळणार नाही. कोणता डेटा दिला तर विचार होईल, आणि निर्णय कोणाकडे आहे, हे विचारा. मग 'केन्तो' खरंच केन्तो आहे की नकार, ते कळेल.

आणि ती शांतता. पहिल्या वर्षी मला ती अजिबात सहन व्हायची नाही. एका मीटिंगमध्ये समोरचे गप्प बसले, तर मी घाबरून डिलिव्हरी एक आठवडा अलीकडे आणली, मग जादा तपासणी कबूल केली. समोरचा फक्त विचार करत होता. घरी येऊन बायकोला सांगताना रडू आलं होतं. आता मी टेबलाखाली बोटं मोजतो. वीसच्या आत बहुतेक वेळा ते बोलतात.


सातपूर_टूलरूम
२४ जुलै, रात्री १०.२०

मॅडम, मी नाशिकला सातपूरमध्ये फिक्स्चर बनवतो. तुमच्या भोसरीवाल्याला ओळखत नाही, पण त्याच्या जागी मीच उभा आहे असं वाटलं, म्हणून लिहितो.

तुम्ही सगळे जपानचं बोलताय. पहिला खोटा 'हो' भोसरीत निघाला असेल, आणि तो कसा निघतो ते मी सांगतो. पीओ, म्हणजे ऑर्डर, देताना आम्हाला 'किती दिवस लागतील' असं कोणी विचारत नाही. 'पंधरा दिवसांत पाहिजे, जमवा' असं सांगतात. मी म्हटलं बावीस, तर काम दुसरीकडे जातं. म्हणून मी म्हणतो, 'होईल साहेब.' ड्रॉइंग दोनदा बदलतं, तारीख बदलत नाही. हार्डनिंग आमच्याकडे होत नाही, बाहेर जातं, तिथे आमचा नंबर लागतो. बोट लांब आणि बारीक असलं की भट्टीतून वाकून येतं, म्हणून नंतर ग्राइंडिंगमध्ये घासून सरळ करायला जादा माल ठेवावा लागतो आणि वेळही. पंधरा दिवसांत तो वेळ कुठून काढू?

तुमच्या टूलरूमवाल्याने ९ तारखेला फोन केला, हे मोठं समजा. पुष्कळ जण १९ ला करतात. त्या फोनवर तुम्ही त्याला काय बोललात?


बोअरगेज
२४ जुलै, रात्री ११.४५

दादा, खरं सांगते. मी म्हणाले, "ते मला माहीत नाही, वीस तारीख चुकता कामा नये."

तुमची पोस्ट वाचून बराच वेळ नुसती बसून राहिले.


घाटावरचा_मॅनेजर
२५ जुलै, सकाळी ९.३०

सगळं पटतंय, पण एक खटकतं. दरवेळी आपणच का बदलायचं? माल आपण देतो, रात्री आपण जागतो, पाच वाजता फोटो आपण पाठवतो. त्यांनी कधी विचार केला का, की गणपतीत इथे कोण असतं? त्यांच्या ओबोनच्या सुट्ट्या आपण पाठ करायच्या आणि आपली चतुर्थी त्यांना माहीतही नसावी?


दुभाषी_ताई
२५ जुलै, दुपारी २.१०

प्रश्न रास्त आहे. जपानहून नवीन माणूस इथे कामाला आला की पहिल्या दिवशी मी त्यालाही तीन गोष्टी सांगते. इथे मान डावी-उजवीकडे डोलावली की तो नकार नसतो, बऱ्याचदा होकार असतो. 'होईल का?' असं विचारू नका, 'कधी होईल आणि आधी काय व्हावं लागेल?' असं विचारा. आणि साहेबांच्या समोर ज्युनिअरला त्याच्या कामाची अडचण विचारू नका, मशिनपाशी एकट्याला विचारा. जे ऐकतात त्यांचं काम चांगलं चालतं. ज्यांना कोणी सांगितलंच नाही, ते तीन वर्षं इथे राहून 'इंडियन यस'ची तक्रार करत परत जातात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण चहाच्या वेळेला पाच मिनिटांत सांगून होण्यासारखी गोष्ट आहे.

चतुर्थी त्यांना माहीत नसेल तर ती कळवणं आपलंच काम, भाऊ. बोअरगेज, ओबोनचंच उदाहरण दे. ऑगस्टच्या मध्याला तेही गाठोडी बांधून गावी जातात, पूर्वजांसाठी. तुला वेगळं समजावावं लागणार नाही.


बोअरगेज
२६ जुलै, रात्री ८.००

आज साहेबांशी बोलले. पहिली पंधरा मिनिटं ऐकायला तयार नव्हते. मग मी रजेचे अर्ज टेबलावर ठेवले, एकेक नाव वाचलं. १४ जणांच्या लाइनवर २८ ऑगस्टला ५ जण. साहेब स्वतः राजापूरचे, त्यांचीही तिकिटं काढलेली आहेत. शेवटी म्हणाले, "लिही, पण मला दाखव." ही पाठवली:

"२७ ते २९ ऑगस्ट या तारखांना भेट शक्य नाही, त्याबद्दल माफी मागते. २७ ला गणेश चतुर्थी आहे आणि कारखाना बंद असतो. ओबोनप्रमाणेच या दिवसांत आमचे लोक गावी जातात. २८ आणि २९ ला लाइनवर १४ पैकी ५ जण असतील, त्यामुळे तुम्हाला खरी लाइन दिसणार नाही. ९ ते ११ सप्टेंबरला १४ पैकी १४ असतील. या तारखा सोयीच्या नसतील तर दोन पर्याय कळवावेत, मी त्याच दिवशी उत्तर देईन."

सकाळी सानला आधी फोन केला, मेल नंतर. फोनवर मी सगळं सांगून गप्प बसले. तेरापर्यंत मोजलं. मग ते म्हणाले, की बरं झालं, विमानाची तिकिटं अजून काढलेली नाहीत.


बोअरगेज
१२ सप्टेंबर, रात्री ९.५०

ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना कळवायचं राहू नये म्हणून लिहितेय. ९ ते ११ तिघंही आले. पहिल्या दिवशी लाइनवर सान एक शब्द न बोलता चाळीसेक मिनिटं एकाच मशिनसमोर उभे होते. क्लॅम्प सुटताना डायल गेजचा काटा किती हलतो ते बघत होते. मीही शेजारी उभी राहिले, काही बोलले नाही. टॉलरन्स अजून २५ च आहे. पण कोणता डेटा लागेल ते त्यांनी लिहून दिलं, आणि निर्णय डिझाइनवाल्यांकडे आहे हेही सांगितलं. फोटो ऑगस्टच्या शेवटी मंगळवारवर आले, नागोयाकरांनी सांगितलं तसंच. सीसीमध्ये वरचे साहेब अजून आहेत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना भोसरीला घेऊन गेले. कार्यक्रमात नव्हतं, मीच सुचवलं. टूलरूमच्या मालकांना आदल्या दिवशी फोन करून एवढंच म्हटलं होतं, की जे आहे तेच सांगा, मी मधे पडणार नाही. ग्राइंडिंग मशिनपाशी सानने जुनं वाकलेलं बोट हातात घेतलं, सरळ पट्टीला लावून फटीतून उजेड बघितला आणि विचारलं, की असं स्पेअर बोट नवीन करायचं तर किती दिवस? मी भाषांतर केलं. मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघत राहिले.

ते म्हणाले, "अठरा. पंधरात नाही जमणार. त्यातले सहा हार्डनिंगचे, ते माझ्या हातात नाहीत."

मी जसंच्या तसं सांगितलं. सानने खिशातली वही काढली आणि १८ लिहिलं. खाली वेगळ्या ओळीत ६ लिहून त्याभोवती गोल केला. मग मालकांकडे वळून, कमरेतून वाकून, "थँक्यू" म्हणाले.